काच म्हणू नकोस

इस्माईलभाई कामाला बसण्याआधी सदरा काढून उलटा घालायचे. बटणं पाठीवर. ती लावायला मीच लागायचो. नाना पेठेतल्या आमच्या गल्लीत कोणी नवखा आला की हसायचा, भाई त्याच्याकडे बघायचेही नाहीत. अंगठी, घड्याळ खणात टाकायचे, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, मग गाडीच्या मागच्या बाजूला मांडी घालायचे. "बटणाला डोळे नसतात, दत्तोबा," म्हणायचे. "ते कुठं घासलं, त्याला कळत नाही."

दुकान माझं. गाड्यांच्या गाद्या आणि हूड शिवायचं. चौथीत शाळा सोडून मशीनवर बसलो तो आजवर. माझ्या टाक्याला नाव ठेवणारा पुण्यात अजून जन्मायचाय, ही फुशारकी नाही, आहे ते सांगतो. भाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, भवानी पेठेतून चालत यायचे. त्यांचं काम एकच. ज्या गाडीचं कापडी छत मागं दुमडता येतं, तिला मागचं दिसायला प्लास्टिकची खिडकी असते. उन्हानं ती पिवळी पडते, घड्यांनी चरे उठतात, शेवटी धुकं बसावं तशी आंधळी होते. मी म्हणायचो, कापून फेका, नवी शिवून देतो. भाई त्याच जुन्या खिडकीतून आरपार दिसेल असं करून द्यायचे.

कोरडं फडकं ते लावू द्यायचे नाहीत. आधी नुसतं पाणी सोडायचं, बराच वेळ. "धूळ पुसायची नसते, तिला पाण्याबरोबर वाटेला लावायची असते." मग बारीकातला बारीक पॉलिश पेपर, तोही भिजवून. मग मलमलीवर हरभऱ्याएवढं पॉलिश. बाहेरून हात उभा चालवायचा, आतून आडवा. म्हणजे एखादी रेघ राहिलीच, तर ती कोणत्या अंगाची ते लगेच कळतं. गोल हात त्यांना खपत नसे. गोल फिरवणारा माणूस कुठून निघाला तेच विसरतो, असं त्यांचं म्हणणं.

आमचं भांडण एकाच शब्दावरून. सगळे त्या खिडकीला काच म्हणतात, मीही म्हणायचो. भाई लगेच टोकायचे. "काच म्हणू नकोस. काच म्हणालास की हात काचेसारखा चालतो. ही कातडी आहे. उन्हात ढिली पडते, थंडीत आकसते, नको ते लावलं तर जळते." मी मुद्दाम दिवसातून दहा वेळा काच म्हणायचो. दुकान माझं, शब्द माझा. कोणी मला शब्द शिकवावेत हे मला कधी सोसलं नाही.

शनिवार पेठेतल्या एका वकिलांची लाल उघडी गाडी आली. वडिलांच्या वेळची. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात गाडी बनवणाऱ्यांचा मूळ ठसा होता. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जाणकार वाकून तोच बघतात, म्हणून नवी खिडकी वकिलांना चालणार नव्हती. भाई तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खिडकी अशी झाली की पलीकडच्या भिंतीवरची पाटी मी आतून वाचली. ठशाच्या बाजूला काळ्या रंगाचा एक जुना थेंब तेवढा राहिला होता. भाई म्हणाले, नमाजहून येतो, मग हळूहळू काढतो, तोवर हात लावू नकोस.

हात लावू नकोस, हे मला. माझ्याच दुकानात.

वकील यायचे होते. काचेवरचा रंग थिनरनं निघतो, हे शेंबडं पोरही जाणतं. मी फडक्यावर थिनर घेतला आणि गोल गोल घासलं. थेंब निघाला. त्याच्यामागोमाग प्लास्टिक चिकट झालं, आणि बघता बघता दूध नासावं तसं पांढरं फुटलं. घाबरून मी आणखी पुसत गेलो, तसं ते आणखी पसरलं. अर्धी खिडकी आणि तो ठसा, दोन्ही गेले.

भाई आले. खाली बसले, मान तिरकी करून बघितलं. उभा हात नव्हता, आडवाही नव्हता, सगळे गोल वळसे होते. त्यांना काही विचारावं लागलं नाही. तेवढ्यात वकील दारात. बघून म्हणाले, "वा. गाडी साफ करायला दिली होती, विरजण लावायला नव्हती. कोणाचे हे उपकार?"

जीभ टाळ्याला चिकटली, असं लोक सांगतात. माझी चिकटली नव्हती. मी ठरवून गप्प बसलो. दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं.

"माझा हात चुकला, साहेब," भाई म्हणाले.

वकिलांनी आवाज चढवला नाही. फक्त जुन्या गाड्यांच्या मंडळींत जिथं तिथं सांगत राहिले, की त्या म्हाताऱ्याचा हात गेला. खिडकीसाठी भाईंना विचारणारं कोणी राहिलं नाही. तरी चार महिने ते येत राहिले. सकाळी सदरा उलटा घालायचे, मी बटणं लावायचो, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या गाद्यांत काथ्या भरत बसायचे. त्या कामाला सदरा उलटा घालायची काही गरज नव्हती.

एका संध्याकाळी मी बटणं काढत असताना ते पाठमोरेच म्हणाले, "इतके दिवस तुला पाठ देतोय. तोंड दिसत नाही, बोलायला सोपं जाईल म्हणून. बोल."

"काय बोलू?" मी म्हणालो.

"बरं," म्हणाले. सदरा सरळ केला, अंगठी घातली, आणि गेले. पुन्हा आले नाहीत. मीही गेलो नाही. भवानी पेठ हाकेच्या अंतरावर आहे.

वर्षभरानं ते वारले, मला दोन दिवसांनी कळलं. घरी गेलो तर त्यांच्या मुलीनं, शबानानं, मलमलीत गुंडाळलेलं काही पुढ्यात ठेवलं. तीच खिडकी. वकिलांनी कापून टाकलेली, भाईंनी मागून आणलेली. वर्षभर घासून त्यांनी ती स्वच्छ केली होती. ठसा काही परतला नव्हता. एका कोपऱ्यात तळहाताएवढा पांढरा डाग तेवढा ठेवला होता, माझ्या गोल वळशांसकट. मी विचारलं, हा का राहिला? शबाना म्हणाली, "राहिला नाही, ठेवला. अब्बा म्हणाले, तेवढा दत्तोबाचा आहे."

मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला, आजही येतो. त्यांनी तेव्हाच चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो, हरलो असतो आणि सुटलो असतो.

शनिवार पेठेत गेलो. वकिलांना उभ्या उभ्या सांगितलं, की हात इस्माईलभाईंचा नव्हता, माझा होता. त्यांनी चष्मा वर केला. "ती गाडी मी केव्हाच विकली. आणि कोण म्हणालात? इब्राहिम?"

"इस्माईल."

"तेच ते. जाताना दार ओढून घ्या."

आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती खिडकी मांडीवर घेतो. आधी पाणी सोडतो, बराच वेळ. कातडी म्हणायचं ठरवतो, तोंडात काचच येते. बाहेरून उभा, आतून आडवा, असं मनाशी घोकतो आणि हात गोल जातो. डाग आहे तेवढाच आहे. सदराही उलटा घालतो. पण पाठीवरची बटणं आपली आपल्याला लावता येत नाहीत.