शेवट कोणालाच सांगायचा नाही

बावीस वर्षं झाली मला झाडीपट्टीत नाटकं लिहून. दिवाळी झाली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत नाटकांचा सीझन लागतो, आणि सीझनबरोबर चोऱ्यांचाही. कोणी कोणाची गोष्ट उचलली हे सांगायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो आणि माझं अर्धंसुद्धा सांगून होत नाही. काही किस्से नावानिशी सांगता येत नाहीत, काही तर बिननावाचेही सांगायची सोय नाही. उरलेत ते ऐका. आणि तो मोबाईल जरा उलटा ठेवा बघू. रेकॉर्डिंग नाही ना चालू? सवय हो, दुसरं काही नाही.

*

आमच्याकडे नाटकाची ऑर्डर कशी येते ते आधी सांगतो. एका वर्षी कंपनीच्या मालकाचा फोन आला, म्हणे पोस्टर प्रेसला गेलं, आता नाटक लिहा. नाव त्यानंच ठेवलेलं. नावात कुंकू होतं. वर तीन फोटो: रडणारी बाई, बंदूकवाला इन्स्पेक्टर आणि एक म्हातारा.

म्हातारा कोण म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, "ते तुमी पाहा ना जी. फोटो चांगला होता म्हून टाकला."

मी त्या म्हाताऱ्याला नायिकेचा मेलेला बाप केलं. दुसऱ्या अंकात त्याच्या फोटोला हार, समोर उदबत्ती, आणि बाईचं असं रडणं की आख्खा मंडप नाक पुसतोय. पहिल्या प्रयोगाला मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर तोच म्हातारा पुढच्या रांगेत बसलेला. प्रेसवाल्याचा सासरा निघाला तो! स्वतःच्या फोटोला हार घालताना बघून तोही रडत होता.

*

गुलाबभाऊ माझे मित्र, तेही नाटककार, आणि संशयात माझे गुरू. नट मंडळींना पूर्ण नाटक कधी देत नाहीत. ज्याची त्याला नक्कल, म्हणजे फक्त त्याची स्वतःची वाक्यं. शेवटचा अंक तर प्रयोगाच्या दिवशीच खिशातून निघतो, दुसरी कंपनी ढापते म्हणून.

एकदा त्यांनी खुनाचं नाटक लिहिलं. खुनी कोण हे खुद्द खुन्याचं काम करणाऱ्या नटालाही सांगितलं नाही. त्या माणसानं दोन अंक इतकं साळसूद काम केलं, की तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर बेड्या घेऊन आला तेव्हा पब्लिक उभी राहिली. "सोडा त्याले! त्यानं काई नाई केलं!" इन्स्पेक्टर बिचारा गावाबाहेरून आलेला, घाबरून विंगेत गेला. खुनी सुटला, आणि नाटक पुढे सीझनभर तसंच चाललं.

*

आता माझ्या गोष्टीवर येतो. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात सखूबाई म्हणून आहे. तलावात मासोळ्या धरते, बाजारात विकते. तिचा नवरा एका उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेला तो आलाच नाही. वाघानं नेला म्हणावं तर काही सापडलं नाही. सखूबाईनं कुंकू मात्र पुसलं नाही. एकदा बाजारातून माझ्या गाडीवर मागे बसून येत होती, तेव्हा मी विचारलं. तिनं सांगितलं की चौथ्या दिवशी तिला जंगलात त्याचा खांद्यावरचा दुपट्टा सापडला, रक्तानं भरलेला. तो तिनं तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पुरला आणि कोणाला बोलली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, वाईट वाटलं ते नंतर. आधी मनात आलं, हा शेवट आहे! पोस्टरवरचं माझं नाव पुढच्या पोस्टरखाली जातं हो, सीझन संपला की लेखकही संपतो. मला एकदा तरी पडद्यावर माझं नाव पाहायचं होतं. कथा, आणि खाली मी.

*

मुंबईच्या वेबसिरीजवाल्या कंपनीशी पहिली मीटिंग लॅपटॉपवर झाली. सात काळे चौकोन, चेहरा एकाचाही नाही. गुलाबभाऊ कॅमेऱ्यात येणार नाहीत असे भिंतीला चिकटून उभे, कोण काय लिहून घेतं यावर लक्ष ठेवायला. एका चौकोनानं विचारलं, तुमच्या भागातलं ऑथेंटिक पाहिजे, नक्षल आहे का? मी म्हटलं नाही. वाघ? म्हटलं, असेल किंवा नसेल, तीच तर गोष्ट आहे. मग दोन्ही एकत्र बसतील का, असं त्यांनी विचारलं.

मी सखूबाईचं नाव न घेता गोष्ट सांगितली, सगळी माझ्या डोक्यातली म्हणून. शेवट तेवढा गिळला. मागून टायपिंगचा आवाज येत होता. गुलाबभाऊंनी मला कागदावर लिहून दाखवलं, तिसरा चौकोन फार हं हं करून राह्यला, सावध राहा.

*

मग मी युक्ती काढली. मुंबईच्या तीन कंपन्यांना तीन शेवट सांगितले. एकीला सांगितलं, वाघानं खाल्ला. दुसरीला, जंगलात जाऊन नक्षल कमांडर झाला. तिसरीला, बल्लारपूरला दुसरी बायको करून सुखानं राहतोय. उद्या ज्याच्या सिरीजमध्ये जो शेवट दिसेल तो चोर! गुलाबभाऊंनी माझी पाठ थोपटली.

पण कोणाला कोणता सांगितला ते मी लिहून ठेवलं नाही. लिहिलं असतं तर ते कोणीतरी वाचलं असतं ना.

चार महिन्यांनी वाघवाल्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला आणि मी त्यांना बल्लारपूरच्या बायकोबद्दल सविस्तर सांगत सुटलो. साहेब म्हणाले, "पण तो तर मेला होता?" माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "सर, मेला असं मी म्हटलं. बॉडी सापडली असं कुठे म्हटलं?"

साहेब इतके खूष झाले की सोबतच्या कोणालातरी ओरडून म्हणाले, अरे सीझन टू मिळाला! करार करू म्हणाले. बावीस वर्षांत मी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं, आणि हे तर लिहिलंही नव्हतं.

*

करार घेऊन त्या कंपनीच्या एक मॅडम मुंबईहून आल्या. हुशार बाई, वाईट नाही. पण आधी लोकेशन पाहायचं म्हणाल्या, म्हणून पोंभुर्ण्याकडे नेलं. चहाच्या टपरीवर पाचसहा जण बसले होते. मॅडमनी वही काढली आणि सगळे गप्प झाले. एकानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, कोणत्या खात्याच्या हायेत?

मॅडमनी विचारलं, इकडे वाघ दिसतो का हो?

"नाई जी," टपरीवाला म्हणाला, "आमच्या इकडं वाघ नाईच."

त्याच्या डोक्यावर वनखात्याची पाटी होती, वाघापासून सावध राहा. वाघ आहे म्हटलं की जंगलात जायची बंदी येते, मग सरपण कुठून आणायचं? मॅडमनी पाटीचा फोटो काढला, त्यात टपरीवालाही आला. त्यानं तो लगेच डिलीट करायला लावला.

*

परत येताना आमच्या गावच्याच ड्रायव्हरनं आमचं बोलणं ऐकून घोळ केला. मॅडमना म्हणाला, ती मोहफुलंवाली गोष्ट न, ती तं आमच्या सखूबाईची हाय. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं चोर शोधत फिरलो आणि गाडीत मीच बसलेलो.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांची सही घेऊ, हरकत नसल्याची. सही नाही तर करार नाही. आणि खरा शेवट काय आहे तो आता तरी सांगा. मी दुपट्ट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हाच घ्यायचा, आणि त्यांनी गाडीतच हरकत नसल्याचा कागद सगळ्या गोष्टीसकट लिहून काढला.

सखूबाई तलावाच्या पाळीवर जाळं झटकत होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. म्हटलं, "बाई, तुमची गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. चुकलो. तुमी नाई म्हटलं तं इथंच थांबवतो." ती नाही म्हणाली असती तर सगळंच संपलं असतं.

ती म्हणाली, कागद वाच.

मी वाचला. दुपट्टा, पाळ, कुंकू, सगळं. मॅडमचे डोळे पाण्यानं भरलेले. शेवटी ठरलेली ओळ आली: ही कथा पूर्णपणे काल्पनिक असून तिचा कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध नाही. त्या ओळीखाली आम्हा दोघांना सही करायची होती.

मी अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड पुढे केलं. सखूबाईनं पेन मागितला. पदराला हात पुसले आणि ठसठशीत सही केली.

"बराबर लिवलं हाय," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, काय बरोबर?

"हेच, काल्पनिक. दुपट्टा कुठी सापडला मले?"

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मी पाळीकडे. म्हणजे पाळीत कुठेच काही पुरलेलं नव्हतं.

"मंग बाई," मी विचारलं, "खरं काय झालं होतं?"

तिनं टोपली उचलून कमरेवर घेतली आणि माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं.

"तुले कसं सांगू भाऊ? तू तं लिवतोस."