नदीपलीकडचा पाहुणा

"फार लांबून आलोय हो मॅडम, आधी पाणी द्या."

काउंटरवर सूटकेस ठेवून नाना असं म्हणायचे, तेव्हा त्यांचं घर माझ्या पाठीमागच्या खिडकीतून चक्क दिसत असायचं. नदीच्या पलीकडच्या काठावर, कौलारू, अंगणात दोरीवर लाल गोधडी. एरवी ते मला 'ए पोरी' म्हणायचे, कारण मी त्यांच्याच आळीतली. पण दिवाळी उलटली आणि सूटकेस हातात आली की मी मॅडम व्हायचे आणि ते पाहुणे.

हे ऐंशीच्या आसपासचं सांगते आहे. कर्जतजवळ एके ठिकाणी नदीला दोन फाटे फुटतात आणि मधल्या जागेला आम्ही बेट म्हणतो. मुंबईच्या एका बिल्डरने तिथे लोकांना सुट्टीत राहायला दुमजली इमारत बांधली. प्रत्येक खोलीला गॅलरी, आत स्वयंपाकाचा ओटा, बाहेर उन्हात पडायला लाकडी खुर्च्या. आमच्या शेतात फुकट पडणारं ऊन मुंबईची माणसं इथे पैसे देऊन, अंगाला तेल चोपडून घ्यायची. फाटकावरच्या पाटीत हसरा सूर्य काढायचा होता. आमच्या पेंटरला तो मिशांशिवाय पोरकट वाटला, म्हणून त्याने मिशाही काढल्या. मी तिथे काउंटरवर बसायचे.

नानांचा जन्म नेरळ स्टेशनात तिकीटखिडकीमागे गेला. हजारो माणसं त्यांनी माथेरानला हवा खायला धाडली, स्वतः मात्र कधी गेले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता आपण दरवर्षी सुट्टीला जायचं. आणि ते समोरच्या बेटावर आले.

घरून बेटावर यायला हिवाळ्यात नदीत घोटाभर पाणी. धोतर जरा वर धरलं की माणूस पोचला. पण नाना तसे कधीच आले नाहीत. सकाळी टेंपोने कर्जत, तिथून गाडीने नेरळ, नेरळला आपल्याच जुन्या खिडकीसमोर रांगेत उभं राहून परतीचं तिकीट, फलाटावर एक वडा, पुन्हा कर्जत, आणि मग दुसऱ्या फाट्यावरच्या पुलावरून टांग्याने बेट. मी एकदा विचारलं, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ते म्हणाले, "दमल्याशिवाय सुट्टीला आल्यासारखं वाटत नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा पाहुण्याला काय दाखवायचं? ते मात्र दरवर्षी विचारायचे, इथे बघण्यासारखं काय आहे. मी कोंडाण्याच्या लेण्यांची माहिती द्यायचे. ज्या लेण्यांत लहानपणी यांनी शेळ्या बांधल्या, त्यांची माहिती ते मान हलवत ऐकायचे आणि "अस्सं?" म्हणायचे. मग काळा चष्मा लावून खुर्चीत उन्हाला पडायचे आणि शेजारच्या मुंबईकरांना नदीपलीकडे बोट दाखवायचे. ते घर बघा, किती टुमदार आहे. बाई जरा कडक दिसतेय. पण मनाने चांगली असणार.

बाई म्हणजे काकी, त्यांची बायको. खोली दरवर्षी दोघांची असायची. चहा दोन कप जायचा, एक तसाच गार होऊन परत यायचा. नानांना सुट्टीत दुसरं काही नको होतं, फक्त काकींनी एकदा शेजारच्या खुर्चीत येऊन बसावं एवढंच. ते स्वतः कधी आग्रह करायचे नाहीत. माझ्याकडून निरोप धाडायचे, तोही हॉटेलचा निरोप असल्यासारखा. मी साडी सावरत नदी ओलांडायचे. काकी अंगणात भात पाखडत असायच्या.

"तिथं येऊन काय बघू गं? आमचंच घर?" त्या म्हणायच्या. "आन् कोंबड्या कोण कोंडंल?"

मी परत यायचे. कोंबड्यांचं कारण ऐकून नाना गंभीरपणे मान डोलवायचे, जणू कोंबड्या कोंडणं हे सरकारी काम आहे.

उन्हं उतरली की मात्र खरी मजा असायची. नाना गॅलरीत उभे राहून पांढरा टॉवेल हलवायचे. पलीकडून काकी लाल गोधडी दोरीवरून काढून दोनदा झटकायच्या. मग नदीवरून आवाज यायचा, "औषध घेतलं का?" नाना "घेतलं गं" म्हणायचे. दुसऱ्या वर्षापासून सगळ्या गॅलऱ्यांतले मुंबईकर एका सुरात "घेतलं" म्हणायला लागले. एका गुजराती आजोबांनी तर त्या हाकेबरोबर खरोखर स्वतःची गोळी घ्यायची सवय लावून घेतली.

एका वर्षी नानांनी डाव टाकला. मला डोळा मारून म्हणाले, आज टॉवेल नाही. संध्याकाळ झाली, ते खोलीत पलंगावर आडवे. सगळ्या गॅलऱ्या श्वास रोखून उभ्या. काकींनी गोधडी झटकली, थांबल्या, पुन्हा झटकली. हाक मारली. आम्हीही कुणी 'घेतलं' म्हणालो नाही. मग त्यांनी गोधडी तिथेच टाकली आणि साडी खोचून तरातरा पाण्यात शिरल्या. अर्ध्या नदीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. एव्हाना उठून दाराआडून बघणाऱ्या नानांनाही तो दिसला. त्यांच्याने राहवलं नाही. धावत गॅलरीत येऊन दोन्ही हातांनी टॉवेल फडकवायला लागले.

काकी पाण्यातच थांबल्या. यांना म्हातारचळ लागलाय, असं साऱ्या बेटाला ऐकवून मागे फिरल्या. आणखी थोडा वेळ दम धरला असता तर त्या आल्या असत्या, असं मी नानांना म्हणाले. ते म्हणाले, "घाबरवून कुणाला सुट्टीवर आणायचं नसतं, मॅडम."

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले.

दिवाळी उलटली, आणि एका दुपारी काउंटरवर तीच सूटकेस आली. तिच्यामागे काकी, साडीचे काठ ओले. मी उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. "नदीतनंच आले," त्या म्हणाल्या. "पानी नको."

मी त्यांना नानांची खोली उघडून दिली. दोन कप चहा नेला. काकी दोन्ही कप प्यायल्या. गॅलरीतून त्या कितीतरी वेळ आपलं घर बघत राहिल्या. मग मला राहवेना, नाना असताना एकदाही का आला नाहीत, असं मी विचारलंच.

"मी पन हिकडं आले असते, तर त्यांनी हात कुनाला हलवला असता?" काकी म्हणाल्या. "घरात असले का पेपरातनं डोकं वर नाय काढायचे. हिकडं आले का साऱ्या गावादेखत मला हात करायचे. ते सोडून मी येऊ व्हय?"

मग त्यांनी सूटकेसमधून पांढरा टॉवेल काढला. "तू जा तिकडं. अंगनात उभी ऱ्हा."

मी गेले. उन्हं उतरत होती. गॅलरीत काकी उभ्या राहिल्या, नाकावर नानांचा काळा चष्मा, आणि त्यांनी टॉवेल हलवला. आधी जरा लाजत, मग दोन्ही हातांनी. मी लाल गोधडी दोनदा झटकली. आता औषधाचं विचारायची पाळी माझी होती. तेवढ्यात नदीवरून खणखणीत हाक आली.

"कोंबड्या कोंडल्यास का गं?"

"कोंडल्या," मी ओरडून सांगितलं. एकही कोंडली नव्हती. डोळे पुसत मी कोंबड्यांच्या मागे धावायला लागले.