जमीलाच्या सुनावणीला वीस बायका

मैत्रिणींनो, ही फिरती वही पुढच्या घरी पाठवण्याआधी आज दुपारचं लिहून टाकते. देशाबाहेर काढायला निघालेल्या एका बाईचा मला आज चक्क हेवा वाटला.

जमीला मूळची इथलीच, चांद्याची. नवऱ्याबरोबर कराचीला गेली. आजारी भावाला भेटायला तीन महिन्यांच्या व्हिसावर आली, भामरागडला पुरात अडकली आणि मुदत टळली. पोलिसांनी थेट हद्दपारीचा हुकूम हातात दिला. मुदत टळली हे खरं, पण आधी तिचं म्हणणं ऐकायला नको? तसा अर्ज मी लिहून दिला, म्हणून आज कचेरीत सुनावणी झाली.

साहेबांनी विचारलं, "हिला इथे कोण ओळखतं?"

मागे वीसेक बायका उभ्या राहिल्या. एक म्हातारी कडाडली, "काऊन धाडता हिले? माही सून बाळंतपनात अडली तवा हिनंच सोडवली. आमची पोरगी हाये थे! आमाले पुसलं काय कोनी?"

साहेबांनी अर्जाचा निकाल लागेपर्यंत हुकूम थांबवला. बायका जमीलाला गराडा घालून घेऊन निघाल्या.

जाताना तीच म्हातारी माझ्याकडे वळली. "लय उपकार झाले, पुनेवाल्या बाई. आता तुमी कधी जाता आपल्या गावाले?"

बावीस वर्षं मी इथल्या मुलींना शिकवते आहे. अर्ज माझा, कायदा माझा, आणि पोरगी मात्र ती!

उद्या मला इथून काढायचा हुकूम निघाला, तर मागे किती जणी उभ्या राहतील? तुमच्यामागे किती राहतील? वहीत खरा आकडा लिहा.