गिनीपिगांचं अंगण

नंदुरबारच्या बाजारात पिंपळासमोर जो कोपरा आहे, तो माझा होता. कागदावर नव्हता, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून मी तिथे गोणपाट टाकून मिरची विकत बसायचो. पुढे जरा बस्तान बसलं, तिथे दुकान बांधावं असं मनात आलं, तोवर लोखंडवाल्या मारवाडी शेटने मालकाला गाठून जागा घेऊनही टाकली. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्याची पायरी चढलो नाही. घरात बिजागरी लागली तरी शहाद्याहून आणायचो. बिजागरी आणायला शहाद्याला जाणारा माणूस वेडा म्हणावा, असं लोक म्हणत. म्हणू देत.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत दवाखान्यातल्या नर्सबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी आपले तीन गिनीपिग माझ्या बायकोच्या ओटीत घातले. गावाने असं जनावर पाहिलं नव्हतं. उंदरापेक्षा मोठं, सशापेक्षा लहान, आणि शेपटीचा पत्ताच नाही. बाया बघायला येत आणि उचलून मागून पाहत, शेपूट खरंच नाही ना म्हणून.

आम्हाला मूल नव्हतं. बायको मुळात कमी बोलणारी, त्यात घर मोठं आणि मी दिवसभर बाजारात. गिनीपिग आले आणि तिला बोलायला कोणीतरी मिळालं. ती लसूणघास घेऊन आली की तिच्या बांगड्यांच्या आवाजाने ते शिट्ट्या मारायला लागत. ती त्यांना रागे भरायची, बाजारभाव सांगायची, माझी गाऱ्हाणी करायची. मी घरी आलो की तीच गाऱ्हाणी मला पुन्हा ऐकवायची. घरात आवाज आला होता, तो मला आवडत होता.

मागे परसात आमची मिरचीची पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी जागा. तिच्या कडेला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून थोडं गवत होतं. सकाळच्या उन्हात बायको तिघांना तिथे सोडायची. एके सकाळी घार आली आणि तिच्या हाताच्या अंतरावरून त्यातला एक उचलून घेऊन गेली.

बायको त्या दिवशी जेवली नाही. उरलेल्या दोघांना तिने कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली, अंधाऱ्या खोलीत ठेवलं. घारीची भीती गेली, पण ऊन आणि गवतही गेलं. दोघं अंग फुगवून कोपऱ्यात बसायला लागले. शिट्टी बंद झाली. आणि त्यांची शिट्टी बंद झाली तसं बायकोचं बोलणंही.

मग मी मनावर घेतलं. बाहेर एक सुरक्षित जागा करायची ठरवली, आणि पहिल्याच दिवशी अशी चूक केली, जी फक्त मिरचीवालाच करू शकतो. मुंगूस आणि मांजर येऊ नये म्हणून गवताभोवती मी लाल तिखटाची जाड रेघ ओढली. माल उत्तम होता, ब्राह्मणपुरीकडचा. थोडा वारा सुटला. गिनीपिग शिंकायला लागले, बायको शिंकायला लागली, शेजारच्या म्हशीही शिंकायला लागल्या. मांजर मात्र भिंतीवर बसून मजा बघत होतं.

"मिरची इकी इकी तुम्हना डोकामा बी मिरचीच भरेल शे," पदराने डोळे पुसत बायको म्हणाली.

मी म्हटलं, बोलली तरी.

दुसऱ्या खेपेला बाभळीच्या काटेरी फांद्या वरून टाकल्या. घारीचा बंदोबस्त झाला, पण काटे खाली गवतात पडले आणि एकाच्या पायात मोडले. बायकोने काटा काढला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. आता जाळीशिवाय गत्यंतर नव्हतं. लढाईमुळे लोखंडाचा खिळा मिळायची मारामार. शहाद्याला विचारलं, गाडीने सुरतेपर्यंत निरोप धाडला, जाळी नाही. जाळीचं जुनं भेंडोळं साऱ्या गावात एकाच ठिकाणी होतं, पिंपळासमोरच्या कोपऱ्यात.

"मी मरसू, पन त्याना दुकानमा जावाव नही," मी ओरडलो.

"कोपराना राग कोपरामा ठेवा," बायको म्हणाली. "आठे जीव जाई ऱ्हायना."

गेलो. इतक्या वर्षांनी ती पायरी चढलो. शेट गादीवर बसला होता. मला बघून चष्मा वर केला.

"या, या. रस्ता भुलनात का?"

"जाळी पायजे. भाव सांग."

"कसाले?"

"दोन जनावरं शेतस. त्यास्ले ठेवासाठे."

"म्हणजे पिंजरा." त्याने चष्मा खाली घेतला. "पिंजरासाठे मी जाळी देत नही. मन्हा दुकानमा उंदीरना सापळा बी भेटस नही, आख्ख्या गावले माहीत शे. जीव कोंडाना माल आम्ही इकत नही."

हे खरं होतं. जैन माणूस, लोखंडाचं दुकान, पण सापळा आणि पिंजरा तो ठेवत नसे. मला ते माहीत होतं, तरी डोकं फिरलं. आयुष्यभर मी भावावर भांडलो. इथे माणूस भावच सांगायला तयार नव्हता.

"कोंडासाठे नही!" मी गादीवर हात आपटला. "घार बाहेर ऱ्हावाले पायजे म्हणीसन! जाळी जनावरले नही, घारले शे! कोपरा लिधा तव्हय नही सुचनं तुले जीवदया, मन्हा बी जीवच व्हता तो!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.  शेट उठला, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाला, "चल. दखाड."

माझ्या परसात तो उकिडवा बसला. बायकोने डालं उचललं. दोघं डोळे मिचकावत बसून राहिले. शेटने एकाला बोटाने हळूच शिवलं. "घाबरी गयात बिचारा," एवढंच म्हणाला. मग उठून त्याने अट सांगितली. जाळी चारी बाजूंनी आणि वरून लावायची, पण घरात जायला भिंतीला भोक ठेवायचं आणि ते कधी बंद करायचं नाही. जनावराला वाटेल तेव्हा उन्हात यावं, वाटेल तेव्हा घरात जावं. मग तो पिंजरा नाही, अंगण.

आता मी माझ्या हद्दीत आलो. सौदा सुरू झाला.

"वीतभर भोक," मी म्हटलं.

"हातभर."

"हातभरमधून मांजर बी जाळीमा घुसी जाई!"

"वीतभरमा मादी अडकी जाई. पोटुशी दिखस मले."

"तुले काय समजस त्यामा?"

"पोट समजस," शेट म्हणाला आणि बायको चक्क हसली. मी तिला घारीनंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि तेही त्याच्या बाजूने.

मी एक वीत दोन बोटांवर आलो, तो खाली उतरला. शेवटी एक वीत चार बोटांवर तुटलं. मी स्वतः स्वयंपाकघराची भिंत फोडली. मुंगसाने खालून उकरू नये म्हणून कडेने चर खणून दगड बसवले, जाळीची किनार त्यात दाबली, अर्ध्या भागावर सावलीला कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या. जनावरं सोडली. आधी दोघं भोकाशी बसून राहिले. मग एकाने गवताचं पातं ओढलं.

दोन-तीन दिवसांनी घार आलीच. सावली पडताच दोघं भोकातून घरात पळाले. घार जाळीवर आपटली, पंख फडफडवले आणि पिंपळाकडे निघून गेली. बायको दारात उभी होती. तिने घारीला अशा शिव्या घातल्या की मी बाजारात इतकी वर्षं काढून तशा ऐकल्या नव्हत्या. आतून शिट्टी ऐकू आली.

जाळीचा भाव विचारायला मी गेलो, तर शेट हात जोडून म्हणाला, "जीव वाचाडाना पैसा घेत नही." मी मिरचीचं पोतं पाठवलं. ते परत आलं. मी जास्त चांगल्या मिरचीचं पाठवलं. तेही परत आलं. माझा असा अपमान बाजारात कोणी केला नव्हता. भाव केला असता तर मी भांडलो असतो, फसवलं म्हणून रागावलो असतो. त्याने मला रागवायलाही जागा ठेवली नाही.

मादी खरंच पोटुशी होती. पिल्लं डोळे उघडे ठेवूनच जन्मली आणि दुसऱ्या दिवशी भोकातून उन्हात आली. शेट तेव्हापासून रोज सकाळी लसूणघासाची पेंढी घेऊन येतो. जाळीच्या उत्तरेला, सावली असते तिथे, बायकोने त्याच्यासाठी पाट ठेवलाय. दोघं जनावरांशी बोलत बसतात. मी चहा पितो आणि बघतो. बाजारातला कोपरा त्याने घेतलाच होता. आता माझ्या परसातलाही घेतला.