खाटेएवढी गल्ली

पुरानी बस्तीमागच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी नकाशासाठी गल्ल्या मोजायला गेलो होतो. टेप उघडला, तोच एक बाई घरातून खाट घेऊन आली. वाटलं, मला बसायला देतेय. तिने पदर खोचला आणि खाटेचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा भाऊ. ह्या कोपऱ्यातून काढून दाखवा."

कोपऱ्यावर खाट अडकली. उभी केली, तेव्हा कुठे निघाली. ती हसली.

"सासूले खाटेवर दवाखान्यात नेतानी इथंच अडकलो होतो. तुमचा टेप हे सांगते काय?"

मग खाट पदराने पुसून तिने मला खाटेवरच बसवलं आणि चहा पाजला.

नकाशावर रुंदी फुटांत लिहितात. मीही लिहिली. खाली पेन्सिलीने एवढंच जोडलं: खाट आडवीच वळली पाहिजे, वर माणूस निजलेला असताना.