संहितेवर बसलेला नट

हडपसरच्या आमच्या चित्रपट मंडळाने नुकतीच एका थोर रशियन नटासाठी श्रद्धांजली सभा घेतली. सभेआधी स्मरणिकेचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा त्यात एक वाक्य होते : 'पुणेभेटीत त्यांनी मद्याच्या अमलाखाली मराठी संहितेवर बसून तिचा अवमान केला.' हे वाक्य खोटे आहे. त्या भेटीत मी त्यांचा दुभाषी होतो आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

एका लहानशा गावातल्या नाट्यगृहात या माणसाने ऐन तारुण्याची वर्षे निरोप्यांच्या भूमिकांत घालवली. पुढे एका चित्रपटातल्या अबोल स्टेशनमास्तराच्या भूमिकेने त्यांना देशभर नेले. तरीही दिवसा चित्रीकरण आणि संध्याकाळी प्रयोग, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही. अशा माणसाला दारुडा ठरवायला आमच्या मंडळाला एक ओळ पुरली.

घडले ते असे. आमच्या हौशी नाट्यसंघाच्या तालमीत ते एक मराठी प्रवेश वाचणार होते. संवाद मी त्यांना रशियन लिपीत लिहून दिले होते. संहिता हातातून निसटली आणि ते तत्काळ तिच्यावर बसले. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसे आम्ही! आज या स्मरणिकेचे संपादक असलेले गृहस्थ पहिल्या रांगेतून ओरडले, "अहो, सरस्वती आहे ती! उठवा त्यांना!"

मी पाहुण्यांना रशियनमध्ये कारण विचारले. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडची रीत आहे. पडलेल्या संहितेवर नटाने आधी बसायचे, मग ती उचलायची. नाहीतर नाटक पडते." ते आमचेच नाटक वाचवत होते.

हे मराठीत सांगणे, एवढेच माझे काम होते. पण मागून हशा उसळला, माझा धीर खचला आणि मी जाहीर केले, "पाहुण्यांना चक्कर आली." त्या चकरेची पुढे दारू झाली.

मी संपादकांना फोन केला.

"चक्कर आली असं आपणच सांगितलं होतंत ना?"

"हो. खोटं बोललो होतो."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून?"

"छापण्याआधी ते वाक्य काढा."

"छापायला गेलंय. सभेत पाच मिनिटं देतो. तिथे काय ते बोला."

सभेत मी उभा राहिलो. भाषणाची पाने खाली पडली. मदतीला धावलेल्यांना मी हाताने थांबवले आणि गुडघ्यांची तक्रार न जुमानता त्या पानांवर बसलो.

"अहो, चक्कर आली का?" संपादकांनी विचारले.

"नाही. आणि प्यायलेलोही नाही."

मग मी खुर्चीला धरून उठलो, पाने उचलली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. वाचून संपले तेव्हा पाच मिनिटे केव्हाच उलटली होती. थांबवायला कोणी आले नाही.