नव्या फरशीवर गोणपाट

मी उंबऱ्याच्या आत उताणी पडले होते आणि बाहेरून शेजारीण हाक मारत होती.

"आत्या, हाय का घरात?"

उजवा खुबा असा ठणकत होता की तोंड उघडलं तर शब्दाऐवजी किंकाळी निघेल असं वाटत होतं. पाठीखाली नवी फरशी, बर्फासारखी गार. दार अर्धं लोटलेलं होतं. तिनं नुसतं बोटानं ढकललं असतं तरी तिला माझे पाय दिसले असते.

"हाय की," मी म्हणाले.

"मग या की भाईर. शेपू आणलाय."

"ठेव ओट्यावर. कामात हाय मी."

"दार लोटून कसलं काम? हंडा पुरताय का काय?"

"व्हय, तुझ्या नावानं पुरतीय. जा आता, पाऊस येतोय."

ती हसली, जुडी ओट्यावर ठेवली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला तेव्हा मी श्वास सोडला.

तिला का घालवली ते सांगते. आमच्या आळीतली एक म्हातारी मोरीत पडली होती. मोडलं काही नव्हतं. पण पोरं आली, तिला गाडीत घातलं आणि शहरात नेलं. घराला कुलूप. आता तिच्या अंगणात कमरेएवढं गवत आहे आणि ती तिकडून फोन करून विचारते, शेवग्याला शेंगा लागल्या का. माझ्या मुलानंही मला बजावलं होतं, "आई, एकदा जरी पडलीस ना, मी ऐकणार नाही. घर बंद करून तुला तळेगावला नेणार." तो बोलतो तसं करतो. आणि शेजारीण वाईट नाही, पण दुपारी कानावर आलेली गोष्ट तिच्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मला पडलेली कुणी पाहिली की माझं घर गेलं, एवढा सरळ हिशेब होता.

फरशी मी स्वतःच्या हौसेनं घातलेली नाही. आमचं घर कान्ह्याच्या स्टेशनापासून आत, भाताच्या खाचरांना लागून. जुनी फरशी शहाबादी होती, नवऱ्यानं घर बांधलं तेव्हाची. तो गेला, फरशी राहिली. शहाबादी पावसाळ्यात पाझरते. मावळातला पाऊस, त्यात खाचराशेजारचं घर, पाझरणारच. मी चार महिने गोणपाट टाकून राहायची. सुनेला ते चालायचं नाही. "आई, पाय ठेवला की चिकट लागतं. पोरीला लगेच सर्दी होते." मग ते सकाळी यायचे आणि उजेड आहे तोवर निघायचे. मुलगा म्हणाला, टाईल्स घालू, म्हणजे राहता येईल.

राहता येईल हे दोन शब्द मी धरून बसले. बाकी तो काय बोलला ते माझ्या लक्षात नाही.

मिस्त्री गावातल्याच एकानं सांगितला. माणूस कामशेतचा, कामं सगळी लोणावळ्याच्या बंगल्यांतली. पहिल्या दिवसापासून त्याचा "उद्या येतो" सुरू झाला. मी सामान काढून गोठ्यात ठेवलं. जनावरं कधीच विकली होती, म्हणून गोठा तरी रिकामा होता. चूल तिथं, अंथरूण तिथं, आणि मिस्त्री बंगल्यात. शेवटी मी त्याला फोनवर म्हणाले, "बाबा, यायचं न्हाई तर तसं सांग. मी मेल्यावर येऊन काय थडगं बांधनारेस?" तेव्हा आला.

घर बघून म्हणाला, "मावशी, जुनी फोडत बसायला नको. तिच्यावरच बसवू. फरशी वर येईल थोडी, दाराला खालून कापू. आरसा करतो बघा, आरसा."

"आरसा बघून काय करू? हितं बघायला कोन हाय?"

तो हसला. लोणावळ्यात त्याच्या ओळखीचं दुकान होतं, तिथं गाडीनं घेऊन गेला.

दुकानात सगळ्या फरश्या भिंतीला टेकवून उभ्या. ही गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. फरशी पायाखाली घालायची आणि निवडायची उभी करून, साडी बघावी तशी. मी एक काळपट, खरबरीत फरशी दाखवली. तांदूळ निवडायला बसलं की सांडलेला दाणा दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. दुकानदार म्हणाला, "आजी, ही बाथरूमची. हॉलला कुणी घालत नाही." मिस्त्रीनं मुलाला फोन लावला, मुलानं सुनेकडे दिला, आणि व्हिडिओ चालू ठेवून फोन दुकानभर फिरला. सुनेनं पांढरी निवडली, आत सोनेरी शिरा असलेली. दुकानदारानं तिच्यावर चहा सांडून पुसून दाखवला. "बघा, डाग नाही, ओल नाही." पाणी टाकून पाय ठेवून बघा असं कुणी म्हणालं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही.

"आई, आवडली ना?" सून फोनवर विचारत होती.

"तुमाला आवडली ना? झालं तर."

मिस्त्रीचं काम चाललं होतं ते दिवस बरे गेले. कटर किंचाळायचा, सगळीकडे पांढरी धूळ, पण घरात माणूस होतं. दुपारी तो माझ्याबरोबर भाकरी खायचा आणि बंगलेवाल्यांच्या गमती सांगायचा. बसवलेली फरशी एका बाईनं तीनदा उखडायला लावली म्हणे, आणि नंतर तिथं राहायला कुणी आलंच नाही. "नुसता माळी राहतो, मावशी."

"माझ्याकडं माळीबी न्हाई," मी म्हणाले.

तो गेला आणि घर वाजायला लागलं. पातेलं ठेवलं तरी आवाज भिंतीला जाऊन परत येई. शहाबादी आवाज गिळायची. ही परत करते.

मग लावणी आली. त्या दिवशी मी खाचरावरून आले, घोट्यापर्यंत चिखल. आमच्याकडे बाहेरून आलं की दारातल्या दगडावर पाय धुतात आणि तसेच ओले आत येतात. माझी आई तशी आत यायची, सासूही तशीच. ओल्या पावलांनी घरात यायचं असतं, असंच आम्हाला शिकवलेलं. मी पाय धुतले, चौकट धरली आणि उंबरा ओलांडला. फरशी वर आल्यामुळं पाय सवयीपेक्षा आधीच टेकला, आणि पुढं निसटला. चौकट हातातून कधी सुटली ते कळलं नाही.

शेजारीण गेल्यावर मी तशीच पडून राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मध्ये एक कोंबडी आत आली, तिचाही पाय घसरला, पंख फडफडवून बाहेर गेली. मला हसू आलं आणि हसल्यावर खुबा आणखी दुखला. फोन खिडकीत होता. वाजला, वाजून थांबला. मुलाचाच असणार, त्याची जेवायची सुट्टी त्याच वेळी होते. फोन हातात असता तरी मी त्याला सांगितलं नसतं.

भिंतीकडेला तांदळाच्या पोत्यावर गोणपाट टाकलेलं होतं. कोपरावर सरकत तिथं गेले, ते ओढून अंगाखाली घेतलं. त्यावर गुडघा रोवला. पलंगाचा पाय धरला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उभी राहिले.

मोडलं नव्हतं. काळानिळा झालेला खुबा मी हळद आणि तेल लावून शेकला. मिस्त्रीला फोन केला.

"फरशी घसरती तुझी."

"मावशी, फरशी न्हाई घसरत, पाय घसरतो. आत येताना पुसून येत जा की."

"माझ्या घरात पाय पुसून यायला मी काय पाव्हनी हाय?"

"मग गोणपाट टाका," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या साइटवर होता.

मी गोठ्यातून सगळी गोणपाटं आणली. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून पलंगापर्यंत. मी ज्या वाटेनं चालते ती सगळी वाट झाकली.

पुढच्या रविवारी मुलगा, सून, नात आली. सून दारातच थांबली. "आई! एवढी छान फरशी झाकून काय टाकलीत?"

"खराब व्हईल म्हनून."

ती मुलाकडं बघून हसली. म्हातारी माणसं चांगली वस्तू झाकून ठेवतात, हे तिला माहीत होतं. मुलानं विचारलं, "लंगडतेस का गं?"

"चिखलात चालून पाय भरल्यात."

त्यानं मान हलवली. त्याला लावणी आठवत होती, म्हणून पटलं. नातीनं एक गोणपाट बाजूला सारलं आणि पायमोज्यांवर इकडून तिकडं घसरत राहिली. त्या फरशीचा उपयोग झाला तो तेवढाच.

मी रात्रीचे तांदूळ जास्तीचे काढून ठेवले होते. चहा झाल्यावर सून म्हणाली, "आई, निघतो आम्ही. हिचा सकाळी क्लास असतो." मी राहा म्हणाले नाही. म्हणाले असते तर त्यांना कारण शोधावं लागलं असतं. ते गेल्यावर काढलेले तांदूळ परत पोत्यात ओतले आणि नातीनं सारलेलं गोणपाट जागेवर ओढलं.

त्या दिवशी ह्या फरशीवर पडले ती मी. कुणी उचललं नाही, उठले तीही मीच. घराला कुलूप नाही. आत मी राहते.